सेंद्रिय स्फटिकांची रचना आणि नियंत्रण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तापावरची गोळी, देवघरातला कापूर, कपाटातली डांबरगोळी आणि खडीसाखर या सगळ्यांत कार्बनी रेणू विशिष्ट क्रमाने रचून बसलेले असतात. तो क्रम बदलला की रेणू तोच राहूनही पदार्थाचे गुण बदलतात. हा क्रम आधी ठरवून घडवता येईल का, या प्रश्नातून ‘क्रिस्टल इंजिनिअरिंग’ किंवा स्फटिक-अभियांत्रिकी ही शाखा उभी राहिली. रसायनशास्त्राचे विद्यार्थी, औषधनिर्मितीत काम करणारी मंडळी आणि जिज्ञासू वाचक या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

‘सेंद्रिय’ म्हणजे रासायनिक खतांशिवाय तयार झालेले, असा अर्थ घ्यायचा का?

नाही. भाजीच्या पिशवीवरचा ‘सेंद्रिय’ आणि रसायनशास्त्रातला ‘सेंद्रिय’ यांचा संबंध आता फक्त नावापुरता उरला आहे. रसायनशास्त्रात कार्बनच्या सांगाड्यावर उभारलेल्या रेणूंना सेंद्रिय म्हणतात. त्या अर्थाने डांबरगोळीतले नॅप्थलीनही सेंद्रियच आहे.

मिठाच्या आणि नॅप्थलीनच्या स्फटिकांत मूलभूत फरक आहे. मिठात स्वतंत्र रेणू नसतात; सोडियम आणि क्लोराइड यांचे विरुद्ध भार एकमेकांना सर्व बाजूंनी ओढून धरतात, म्हणून मीठ वितळायला सुमारे ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागते. नॅप्थलीनच्या रेणूच्या आतले बंध भक्कम असतात आणि ते तोडायला मोलमागे शेकडो किलोज्यूल ऊर्जा लागते, पण एक रेणू शेजारच्या रेणूंच्या घोळक्यातून सोडवायला मोलमागे सत्तरच्या आसपास किलोज्यूल पुरतात. त्यामुळे नॅप्थलीन ८० अंशांवर वितळते आणि न वितळताही हळूहळू हवेत उडून जाते. या शाखेतील सगळी किमया आणि सगळे त्रास या दुर्बल शेजारसंबंधांतूनच निर्माण होतात.

रेणू तोच असताना निव्वळ मांडणीने असा किती फरक पडणार?

पॅरासिटामॉलचे उदाहरण पाहू. बाजारातल्या गोळ्यांत त्याचे ‘रूप १’ वापरले जाते. त्यात हायड्रोजन बंधांनी (एका रेणूतला हायड्रोजन शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजन किंवा नायट्रोजनकडे ओढला जाऊन होणाऱ्या दुबळ्या बंधांनी) जोडलेले रेणूंचे थर पन्हाळी पत्र्यासारखे नागमोडी असतात. असे पत्रे एकावर एक ठेवले तर ते सहज सरकत नाहीत. तसेच या स्फटिकांवर यंत्राचा दाब आला की थर घसरत नाहीत, आणि नुसत्या भुकटीची गोळी दाबली तर ती नीट बांधली जात नाही, तिचे पापुद्रे सुटतात. म्हणून गोळी करताना चिकटपणा आणणारे इतर घटक मिसळावे लागतात. ‘रूप २’ मध्ये तेच रेणू सपाट थरांत असतात, ते थर पत्त्यांच्या कॅटसारखे घसरतात आणि भुकटी छान दाबली जाते. मात्र रूप २ कमी स्थिर आहे आणि मोठ्या प्रमाणावर शुद्ध स्वरूपात टिकवणे अवघड आहे. ज्याचे गुण हवेत ते टिकत नाही आणि जे टिकते त्याचे गुण नको असतात, हा पेच या विषयात पदोपदी भेटतो.

चॉकलेटचीही तीच गोष्ट. कोको बटर सहा प्रकारे स्फटिकरूप घेते. त्यातला पाचवा प्रकार सुमारे ३४ अंशांना वितळतो, म्हणजे हातात टिकतो आणि तोंडात विरघळतो. चॉकलेट उन्हात तापून पुन्हा थिजले की त्यावर जी पांढरट बुरशीसारखी झाक येते, ती बुरशी नसते; चरबीचे स्फटिक नव्याने आणि वेगळ्या रीतीने बांधले गेल्याची ती खूण असते.

एकाच पदार्थाने अनेक स्फटिकरूपे घेण्याच्या या गुणाला बहुरूपता म्हणतात. सेंद्रिय पदार्थांतले तिचे पहिले नोंदलेले उदाहरण बेन्झामाइडचे आहे. व्होलर आणि लीबिग यांनी ते १८३२ साली पाहिले. आज अभ्यासकांचे लाडके उदाहरण ‘रॉय’ नावाच्या संयुगाचे आहे. लाल, नारिंगी आणि पिवळा या रंगांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला हे नाव मिळाले, कारण एकाच रेणूचे स्फटिक या सगळ्या रंगांत मिळतात. त्याची दहाहून अधिक रूपे आजवर हाती लागली आहेत.

या शाखेची सुरुवात कोणी केली?

‘क्रिस्टल इंजिनिअरिंग’ हा शब्दप्रयोग रे पेपिन्स्की यांनी १९५५ साली केला होता, पण त्याला आशय मिळाला तो इस्राएलच्या वाइझमन संस्थेत, गेर्हार्ट श्मिट यांच्या प्रयोगशाळेत. त्यांचा विषय होता सिनॅमिक आम्ल, म्हणजे ज्याचे नाव दालचिनीवरून पडले आहे ते. या आम्लाच्या आणि त्याच्या भावंडांच्या स्फटिकांवर प्रकाश टाकला की शेजारचे दोन रेणू जोडले जाऊन चार कार्बनची चौकट तयार होते. द्रावणात असे नेमकेपणाने घडत नाही. श्मिट आणि त्यांचे सहकारी कोहेन यांनी १९६४ साली दाखवून दिले की या क्रियेचे भवितव्य स्फटिकातले शेजारी ठरवतात. दोन रेणूंचे दुहेरी बंध एकमेकांना समांतर आणि सुमारे ४.२ अँगस्ट्रॉमच्या (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) आत असतील तर क्रिया होते. अंतर त्याहून जास्त असेल तर कितीही प्रकाश टाकला तरी स्फटिक ढिम्म राहतो. एका रूपातले रेणू उलटसुलट बसलेले असतील तर एक उत्पादन मिळते, दुसऱ्या रूपात ते एकाच दिशेने बसलेले असतील तर वेगळे, आणि तिसऱ्या रूपात काहीच नाही. मांडणी हाती आली तर रासायनिक क्रियाही हाती येईल, ही जिद्द तिथून सुरू झाली.

त्याच सुमारास मॉस्कोत कितायगोरोद्स्की यांनी निराळ्या दिशेने विचार केला. रेणूंना पोकळी सहन होत नाही. एकाचा फुगवटा दुसऱ्याच्या खोलगट भागात बसतो आणि स्फटिकातली सुमारे ६५ ते ७७ टक्के जागा भरून निघते, असे त्यांचे प्रतिपादन होते. मुरलेली गृहिणी डब्यात करंज्या भरते तेव्हा तीही हेच करते.

भारताचा वाटाही जुना आहे. केदारेश्वर बॅनर्जी यांनी कोलकात्यात १९३० च्या सुमारास नॅप्थलीन आणि अँथ्रासीन यांच्या स्फटिकांमधली रेणूंची मांडणी क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली होती. पुढे आधी हैदराबाद विद्यापीठात आणि नंतर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम करणाऱ्या गौतम देसिराजू यांनी १९८९ मध्ये या विषयावर पहिला सविस्तर ग्रंथ लिहिला आणि १९९५ मध्ये ‘सुप्रामॉलिक्युलर सिंथॉन’ ही संकल्पना मांडली. आज जगभर या विषयाची भाषा मोठ्या प्रमाणात तीच आहे.

सिंथॉन म्हणजे काय? तो समजला तर स्फटिक ‘डिझाइन’ करता येतो का?

दोन रेणू एकमेकांना धरताना जी विश्वसनीय, पुन्हा पुन्हा आढळणारी पकड वापरतात, तिला सिंथॉन म्हणतात. कार्बोक्सिलिक आम्लाचे दोन रेणू समोरासमोर आले की ते दोन हायड्रोजन बंधांनी एकमेकांचे दोन्ही हात धरतात, जणू फुगडीच घालतात. अशी जोडी हजारो स्फटिकांत दिसते. त्याच आम्लासमोर पिरिडीन या कड्याच्या आकाराच्या रेणूचा नायट्रोजन आणून ठेवला, तर आम्ल बहुतेक वेळा आपल्या जातभाईला सोडून पिरिडीनचा हात धरते. हे पसंतीक्रम माहीत असले की दोन किंवा तीन घटक निवडून त्यांची साखळी, जाळी किंवा थर बांधण्याचा आराखडा करता येतो. मार्गारेट एटर यांनी हायड्रोजन बंधांसाठी असे नियमच मांडले होते. त्यांतला सर्वांत उपयोगी नियम असा की सर्वांत चांगला हायड्रोजन-दाता सर्वांत चांगल्या स्वीकारकाशी आधी जोडला जातो आणि उरलेले उरलेल्यांशी जमवून घेतात. हायड्रोजन बंधाखेरीज आयोडीन किंवा ब्रोमीनच्या टोकाकडून होणारे हॅलोजन बंध आणि चपट्या कड्यांचे एकमेकांवर रचले जाणे, हीही या कामाची हत्यारे आहेत.

प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे प्रामाणिक उत्तर ‘काही अंशी’ असे आहे. सिंथॉन शेजारी कोण बसेल ते सांगतो, पण संपूर्ण वस्ती कशी वसेल ते सांगत नाही. फुगडी घालणाऱ्या जोड्या पुढे कशा रचल्या जातील हे असंख्य लहान लहान आकर्षणे मिळून ठरवतात. अनेक अभ्यासलेखांत आराखडा आधी आणि स्फटिक नंतर असा क्रम दिसतो. प्रत्यक्षात कितीतरी वेळा स्फटिक आधी मिळालेला असतो आणि त्याचे स्पष्टीकरण नंतर सुचलेले असते. वाचकाने हे ध्यानात ठेवलेले बरे.

हे पसंतीक्रम कुठून कळतात?

मुख्यतः केंब्रिज स्ट्रक्चरल डेटाबेसमधून. ओल्गा केनर्ड यांच्या पुढाकाराने १९६५ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहात सेंद्रिय आणि धातु-सेंद्रिय स्फटिकांच्या प्रायोगिक रचना साठवल्या जातात आणि २०१९ मध्ये त्याने दहा लाखांचा टप्पा ओलांडला. एखादी पकड किती वेळा आढळते, तिची लांबी आणि कोन किती असतात, ती कोणापुढे माघार घेते, हे सगळे त्यात शोधता येते.

सहस्फटिक म्हणजे मिश्रणच ना?

नव्हे. साखर आणि मीठ एकत्र केले तर दोन्हींचे कण वेगवेगळेच राहतात, ते मिश्रण. सहस्फटिकात मात्र दोन वेगवेगळे रेणू ठरावीक प्रमाणात एकाच जाळीत आळीपाळीने बसलेले असतात आणि त्या जाळीचा वितळणांक, विद्राव्यता आणि कधीकधी रंगही दोन्ही मूळ पदार्थांहून निराळा असतो. पिवळे बेन्झोक्विनोन आणि रंगहीन हायड्रोक्विनोन यांपासून होणारे गडद हिरवे क्विनहायड्रोन हे सर्वांत जुन्या उदाहरणांपैकी एक; ते व्होलर यांनी १८४४ मध्ये वर्णिले.

औषधांना याचा मोठा उपयोग आहे. औषधाचा रेणू कसा काम करतो यात हात न घालता त्याची विद्राव्यता, टिकाऊपणा किंवा गोळी होण्याची क्षमता बदलता येते. हृदयविकारावरचे सॅक्युबिट्रिल आणि व्हॅल्सार्टन यांचे जोड-औषध अमेरिकेत २०१५ मध्ये मंजूर झाले. त्यात हे दोन्ही घटक सोडियम आणि पाणी यांच्यासह एकाच स्फटिकात बांधलेले आहेत. ट्रॅमाडॉल आणि सेलेकॉक्सिब या दोन वेदनाशामकांचा सहस्फटिक तिथेच २०२१ मध्ये मंजूर झाला.

सहस्फटिक आणि क्षार यांत गल्लत होऊ नये. आम्लाचा प्रोटॉन आम्लापाशीच राहिला तर सहस्फटिक, तो समोरच्या रेणूकडे गेला तर क्षार. कोणता मिळेल याचा अंदाज दोन घटकांच्या ‘पीकेए’ मूल्यांतल्या, म्हणजे प्रोटॉन किती सहज सुटतो हे सांगणाऱ्या आकड्यांतल्या, फरकावरून (अल्कलीच्या आकड्यातून आम्लाचा वजा करून) घेतात: फरक तीन-चारपेक्षा जास्त असेल तर बहुधा क्षार, शून्याखाली असेल तर बहुधा सहस्फटिक. मधल्या पट्ट्यात काय होईल ते स्फटिक करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

सहस्फटिक तयार कसे करतात?

दोन्ही घटक एका द्रावकात विरघळवून हळूहळू बाष्पीभवन होऊ देणे हा नेहमीचा मार्ग. पण एक घटक जास्त विद्राव्य असेल तर कमी विद्राव्य घटक एकटाच आधी खाली बसतो आणि बेत फसतो. अशा वेळी जुना उपाय नव्याने कामी येतो: खल आणि बत्ता. दोन्ही घन पदार्थ मोजून घेऊन, द्रावकाचे चार थेंब टाकून घोटले की पुष्कळदा अर्ध्या तासात सहस्फटिक तयार होतो. वैद्यांच्या खलाशी परिचित असलेल्या आपल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. प्रयोगशाळेत आता खलाऐवजी गोळ्यांची गिरणी वापरतात, त्यामुळे घोटण्याचा वेग आणि वेळ काटेकोर ठेवता येतो.

बहुरूपतेमुळे खरोखर कोणाचे नुकसान झाले आहे का, की ही फक्त पुस्तकी भीती आहे?

झाले आहे, आणि ते प्रकरण प्रत्येक औषधनिर्मात्याला पाठ असते. एचआयव्हीवरचे रिटोनाविर हे औषध ॲबट कंपनीने १९९६ मध्ये बाजारात आणले. त्याचे एकच स्फटिकरूप ठाऊक होते आणि कॅप्सूलमध्ये औषध विरघळलेल्या अवस्थेत असल्यामुळे स्फटिकरूपाची विशेष चिंता कोणाला नव्हती. १९९८ मध्ये कॅप्सूलचे काही घाणे विरघळण्याच्या चाचणीत अचानक नापास होऊ लागले. तपासात कॅप्सूलच्या आत एक नवे रूप स्फटिक होऊन बसलेले आढळले. ते रूप २ जुन्यापेक्षा अधिक स्थिर आणि म्हणूनच बरेच कमी विद्राव्य होते. ज्या द्रावणात जुने रूप सुखाने विरघळलेले राहत असे, ते द्रावण नव्या रूपाच्या दृष्टीने अतिसंपृक्त, म्हणजे मावेल त्याहून जास्त औषध विरघळलेले, होते. एकदा बी, म्हणजे नव्या रूपाचा एखादा कण, पडले की जास्तीचे औषध स्फटिक होऊन बाहेर पडणे अटळ होते.

त्याहून चक्रावणारी गोष्ट पुढे घडली. नवे रूप अवतरल्यावर जुने रूप तयार करणेच दुरापास्त झाले. ज्या ज्या ठिकाणी नव्या रूपाचा डोळ्यांना न दिसणारा कण पोहोचला, तिथे तेच रूप उगवू लागले, जसे विरजणाचे बोट लागलेल्या भांड्यात दुधाचे दहीच होते. कॅप्सूलचा पुरवठा थांबवावा लागला, रुग्णांना चवीला अत्यंत वाईट असे द्रवरूप औषध घ्यावे लागले, आणि नव्याने बांधणी केलेली, थंड जागी ठेवावी लागणारी कॅप्सूल पुढे १९९९ मध्ये आली. शीतपेटीची अट नसलेली गोळी मिळायला २०१० उजाडले. हेच रिटोनाविर पुढे कोव्हिडवरच्या पॅक्सलोविडमध्ये साहाय्यक घटक म्हणून जगभर वापरले गेले, आणि बाजारात येऊन पंचवीसेक वर्षे उलटल्यावर वितळलेल्या औषधातून त्याचे तिसरे रूपही सापडले.

दोन रूपांत एवढा फरक का, याचे उत्तर रेणूच्या घडीत आहे. रूप २ मध्ये रिटोनाविरचा रेणू स्वतःच्या कण्यात अवघडून बसतो, पण त्या अवघडण्याच्या मोबदल्यात त्याचे सगळे हायड्रोजन बंध नीट जुळतात. अवघडलेली बैठक द्रावणात क्वचितच साधते, म्हणून हे रूप इतकी वर्षे जन्मलेच नव्हते. एकदा जन्मले की मात्र हटले नाही.

मग कारखान्यात हवे तेच रूप दरवेळी मिळेल याची काळजी कशी घेतात?

प्रथम, विकासाच्या सुरुवातीलाच शेकडो परिस्थितींत स्फटिकीकरण करून पाहतात: वेगवेगळे द्रावक, तापमान, थंड करण्याचा वेग, आर्द्रता. घन पदार्थ थोड्या द्रावकात दिवसेंदिवस ढवळत ठेवण्याची साधी रीतही फार उपयोगी पडते, कारण अस्थिर रूपे हळूहळू विरघळून स्थिर रूपाकडे वळतात. उत्पादनात द्रावण पुरेसे अतिसंपृक्त झाले की हव्या रूपाचे बारीक स्फटिक मुद्दाम टाकतात. कारखान्यात याला ‘सीडिंग’ म्हणतात. बी कधी टाकायचे याचे गणित नाजूक असते. लवकर टाकले तर ते विरघळून जाते, उशीर झाला तर द्रावणात आपोआप नको ते केंद्रक, म्हणजे स्फटिकाचे पहिले सूक्ष्म गाभे, तयार होऊन गेलेले असतात. शेवटी प्रत्येक घाण्याची भुकटी क्ष-किरण विवर्तनाने आणि तापमान वाढवत उष्णता मोजणाऱ्या चाचणीने पडताळून पाहतात.

स्फटिकाच्या बाह्य आकाराचा काही संबंध असतो का?

असतो, आणि तो बहुरूपतेपासून वेगळा ओळखायला हवा. आतली मांडणी तीच राहूनही स्फटिक सुईसारखा, पत्र्यासारखा किंवा खड्यासारखा वाढू शकतो. आयबुप्रोफेन हेक्झेनमधून काढले तर लांब सुया मिळतात, आणि मेथॅनॉलसारख्या अल्कोहोलमधून काढले तर आखूड, जाडसर स्फटिक मिळतात. सुया गाळताना चाळणी तुंबते, त्या यंत्रात नीट वाहत नाहीत आणि गोळीत औषधाचे प्रमाण कमीजास्त होते. एखाद्या बाजूवर चिकटून तिची वाढ रोखणारे, मूळ रेणूशी साम्य असणारे पदार्थ अल्प प्रमाणात मिसळून आकार बदलता येतो. या तंत्राचा पायाही वाइझमन संस्थेतच घातला गेला.

रवाळ तूप कढवणाऱ्यांना याचा अर्धा भाग आधीच ठाऊक असतो. तूप सावकाश निवू दिले तर थोडीच केंद्रके तयार होतात आणि ती मोठी होत दाणे पडतात. तेच फ्रिजमध्ये ठेवले तर एकाच वेळी असंख्य केंद्रके तयार होतात आणि तूप गुळगुळीत, मलमासारखे थिजते.

भारतात नव्या स्फटिकरूपावर पेटंट मिळते का?

ज्ञात पदार्थाचे निव्वळ नवे रूप म्हणून मिळत नाही. भारतीय पेटंट कायद्याच्या २००५ मध्ये सुधारलेल्या कलम ३(ड) नुसार ते रूप परिणामकारकतेत लक्षणीय सरस असल्याचे दाखवावे लागते. रक्ताच्या कर्करोगावरच्या इमॅटिनिब मेसिलेटच्या ‘बीटा’ स्फटिकरूपाबाबत नोव्हार्टिस कंपनीने केलेला दावा सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला. औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे उपचारातील परिणामकारकता, असा अर्थ न्यायालयाने लावला. भुकटी चांगली वाहते किंवा ओलावा कमी शोषते एवढे त्यासाठी पुरेसे नाही. स्फटिकशास्त्राच्या दृष्टीने हे गुण क्षुल्लक नाहीत, पण कायद्याला विचारायचा होता तो प्रश्न वेगळा होता, आणि तो रास्त होता.

संगणक स्फटिकाची रचना आधीच सांगू शकत नाही का?

पूर्वीपेक्षा पुष्कळ चांगल्या रीतीने सांगतो. केंब्रिजच्या केंद्राने १९९९ पासून ‘अंध चाचण्या’ घेतल्या आहेत: रेणूचे सूत्र जाहीर करायचे, प्रायोगिक रचना लपवून ठेवायची आणि जगभरच्या गटांनी ती ओळखायची. सुरुवातीला छोट्या, ताठर रेणूंवरही बहुतेकांची भंबेरी उडत असे. आता लवचीक, औषधासारख्या रेणूंच्या रचनाही बरोबर सापडतात. ॲस्पिरिनचे दुसरे रूप संगणकाने आधी सुचवले आणि २००५ मध्ये ते प्रयोगात आढळल्याचे जाहीर झाले.

अडचण ऊर्जेच्या सूक्ष्म फरकांची आहे. ज्ञात बहुरूपी जोड्यांपैकी निम्म्याहून अधिक जोड्यांत दोन रूपांच्या जाळीतील ऊर्जेचा फरक मोलमागे २ किलोज्यूलपेक्षाही कमी असतो. एवढ्या चुकीला वाव न ठेवता गणित करणे कठीण आहेच, शिवाय संगणक बहुधा प्रत्यक्षात दिसतात त्याहून कितीतरी अधिक रूपे शक्य असल्याचे सांगतो. त्यांतले कोणते जन्माला येईल हे ऊर्जेइतकेच वेगावर, म्हणजे कोणते केंद्रक आधी तयार होते यावर अवलंबून असते, आणि ते सांगणारे विश्वासार्ह गणित अद्याप आपल्याकडे नाही.

स्फटिक म्हणजे ठिसूळ वस्तू. वाकणाऱ्या स्फटिकांच्या बातम्या खऱ्या आहेत का?

खऱ्या आहेत, आणि या कामात भारतीय गट आघाडीवर राहिले आहेत. हेक्झाक्लोरोबेन्झीनचा सुईसारखा स्फटिक चिमट्याने दाबला तर तो तारेसारखा वाकतो आणि वाकलेलाच राहतो. त्यात चपटे रेणू एका दिशेने घट्ट रचलेले असतात, पण त्या रचलेल्या खांबांमधली पकड सैल असते. दाब आला की खांब एकमेकांवरून सरकतात. म्हणजे वाकणारा स्फटिक हवा असेल तर एका दिशेने बळकट आणि काटकोनातल्या दिशेने दुबळी अशी मांडणी शोधावी, असा नियम हाती येतो.

वाकून पुन्हा सरळ होणारा स्फटिक हवा असेल तर नेमके उलट करावे लागते. सरकायला वाट देणारे सपाट थर असता कामा नयेत. दुबळी आकर्षणे सर्व दिशांना विखुरलेली हवीत आणि रेणू एकमेकांत अडकलेले हवेत. कोलकात्याच्या आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) या संस्थेत मल्ला रेड्डी यांच्या गटाने २०१२ मध्ये कॅफीनच्या एका सहस्फटिकात हा गुण दाखवला. त्याच संस्थेच्या आणि आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२१ मध्ये त्याहून विलक्षण गोष्ट जाहीर केली: बायपायराझोल वर्गातल्या सेंद्रिय पदार्थाचा स्फटिक मोडला तरी त्याचे तुकडे मिलिसेकंदांत स्वतःहून जवळ येऊन अचूक जुळतात. हे स्फटिक पीझोइलेक्ट्रिक आहेत, म्हणजे दाबले की त्यांच्या पृष्ठांवर विद्युतभार येतो. मोडताना समोरासमोरच्या पृष्ठांवर आलेले विरुद्ध भारच त्यांना पुन्हा एकत्र ओढतात. गोंद नाही, उष्णता नाही, बाहेरचा द्रावक नाही. मात्र मोडलेली प्रत्येक वस्तू आता आपोआप सांधली जाईल, अशी आशा यावरून बांधू नये. हा एका खास मांडणीचा गुण आहे.

प्रकाश आणि वीज यांसाठी या स्फटिकांचा काय उपयोग?

येथे मांडणीची सममिती निर्णायक ठरते. लेझरच्या प्रकाशाची वारंवारता दुप्पट करणाऱ्या किंवा पीझोइलेक्ट्रिक स्फटिकात सममिती-केंद्र, म्हणजे ज्याच्या आरपार प्रत्येक अणूला तसाच जोडीदार असतो असा मध्यबिंदू, असून चालत नाही. दुर्दैवाने सुमारे तीन चतुर्थांश सेंद्रिय स्फटिक सममिती-केंद्र असलेलीच मांडणी पसंत करतात: एका रेणूची ध्रुवता शेजारचा उलटा बसून खोडून काढतो आणि गुण शून्य होतो. काही रेणू उजव्या-डाव्या हातांसारखे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असतात; यावरचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे अशा जोडीतला एकच प्रकार वापरणे. सगळेच उजवे हात असतील तर आरशातली जोडी बांधता येत नाही. अर्थात सममिती-केंद्र टळले म्हणून ध्रुवता भरपूर मिळेलच असे नाही.

विजेच्या ध्रुवतेची दिशा उलटवता येणारे फेरोइलेक्ट्रिक पदार्थ बहुधा अकार्बनी असत. २०१० मध्ये जपानी संशोधकांनी क्रोकोनिक आम्ल हा लहानसा सेंद्रिय रेणू सामान्य तापमानाला चौरस सेंटिमीटरमागे सुमारे २० मायक्रोकूलोम ध्रुवता देतो असे दाखवले, म्हणजे प्रचलित बेरियम टायटनेटच्या जवळपास. यात रेणू हलत नाहीत; हायड्रोजन बंधांतले प्रोटॉन एका टोकाकडून दुसऱ्याकडे जातात.

अर्धवाहकांत पेंटासीनची कहाणी उद्बोधक आहे. त्याचे रेणू माशाच्या काट्यासारखे तिरपे बसतात आणि पदार्थ जवळपास कशातच विरघळत नाही. जॉन अँथनी यांनी रेणूच्या मध्यावर दोन भरदार गट जोडले. त्यामुळे रेणू विटांच्या भिंतीसारखे एकमेकांवर अर्धे-अर्धे रचले गेले, विद्युतवहनाला वाट मिळाली आणि द्रावणातून पातळ थर देणेही सोपे झाले. रुब्रीनच्या एकसंध स्फटिकांत धनभाराची गतिशीलता (चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंद या एककात) दहाच्या पुढे मोजली गेली आहे, तर पडद्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या अस्फटिकी सिलिकॉनमध्ये ती त्याच एककात एकच्या आसपास असते. स्फटिक-सिलिकॉनशी मात्र यांची तुलना करू नये. ते फार पुढे आहे.

२०२५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलशी याचा संबंध आहे का?

जवळचा आहे. कितागावा, रॉब्सन आणि याघी यांना तो धातु-सेंद्रिय चौकटींसाठी मिळाला. त्यांत सेंद्रिय दुवे धातूच्या सांध्यांना जोडून सच्छिद्र स्फटिक बांधतात. विचारपद्धती तीच, पण सांधे अधिक बळकट आणि दिशा ठरलेल्या असल्याने आराखड्याप्रमाणे इमारत उभी राहण्याची शक्यता अधिक असते. निव्वळ सेंद्रिय स्फटिकांत तेवढी शाश्वती नाही.

हा विषय शिकण्यासाठी महाराष्ट्रात सोय आहे का?

आहे. पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत स्फटिकांवर दीर्घकाळ काम झाले आहे. इनॉसिटॉलच्या काही संयुगांच्या घन स्फटिकात एका रेणूवरचा बेन्झॉइल गट शेजारच्या रेणूवर जातो, हा श्मिट यांच्या परंपरेत शोभणारा अभ्यास तिथलाच. पुण्याची आयसर संस्था आणि मुंबईतील रासायनिक तंत्रज्ञान संस्थाही विचारात घ्याव्यात.

घरी काही करून पाहता येईल का?

साखरेपुरते जरूर पाहावे. गरम पाण्यात मावेल तेवढी साखर विरघळवून, आधी साखरेत घोळवून वाळवलेला दोरा त्यात सोडून, भांडे हलवू नये. दोऱ्यावरचे कण बियांचे काम करतात आणि आठ-दहा दिवसांत खडीसाखर दिसू लागते. दुसऱ्या भांड्यात दोरा न घोळवता सोडला तर बियांचे महत्त्व नजरेस येते. औषधाच्या गोळ्या विरघळवून असे प्रयोग घरी करू नयेत, आणि ॲसिटोन किंवा हेक्झेनसारखे पेट घेणारे द्रावक स्वयंपाकघरात आणू नयेत.

बाटलीत ठेवलेले पारदर्शक स्फटिक काही दिवसांनी पांढुरके झाले. ते खराब झाले का?

बहुधा रेणू शाबूत असतो. स्फटिकात पाणी किंवा द्रावकाचे रेणू बसलेले असतील तर ते हळूहळू उडून जातात, जाळी कोसळते आणि एकसंध स्फटिकाच्या जागी बारीक कणांचा समूह उरतो, म्हणून प्रकाश विखुरतो. दुसरी शक्यता अशी की आधीचे रूप अस्थिर होते आणि ते घन अवस्थेतच दुसऱ्या रूपात गेले. तापवताना वजन घटते का हे पाहिले की दोन्हींतला फरक कळतो: घटले तर द्रावक गेला, न घटता उष्णतेचा आलेख पूर्वीपेक्षा वेगळा आला तर रूप बदलले. पुढच्या वेळी एकसंध स्फटिकाची क्ष-किरण मोजणी करायची असेल तर त्याला मूळ द्रावणातून बाहेर काढताच तेलाच्या थेंबात ठेवावे आणि थंड नायट्रोजनच्या झोतात मोजावे.